मृतांच्या नावाने

शरण आलेल्या माणसाला मारावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणीच मिळालेले असते. शरणागताला अभय द्यावे. हे इतके सर्वमान्य आहे की त्यावर लेख लिहायची गरज वाटू नये. तरीही युरोपातली दोन महाकाव्ये, होमरचे ‘इलियड’ आणि व्हर्जिलचे ‘ईनिड’, अगदी शेवटाला याच प्रश्नापाशी येऊन थांबतात, आणि त्यांची उत्तरे एकमेकांच्या उलट आहेत. ग्रीक काव्यात वैरी येऊन गुडघ्यांना मिठी मारतो. त्याला त्याच्या मुलाचे प्रेत मिळते, जेवण मिळते, झोपायला अंथरूण मिळते. रोमन काव्यात वैरी जखमी होऊन गुडघ्यावर कोसळतो, हात पसरतो. त्याच्या छातीत तलवार जाते आणि काव्य तिथेच संपते.

दोन्ही ठिकाणी शरण येणारा एकच गोष्ट सांगतो: तुझ्या बापाची आठवण कर. दोन्ही ठिकाणी विजेत्याला कोणाची तरी आठवण होते. एका आठवणीतून दया निघते, दुसरीतून हत्या. मेलेल्यांची आठवण ठेवावी, हे आपण सद्गुण म्हणून शिकतो आणि पुढच्यांना शिकवतो. मग हीच आठवण माणसाला कधी मऊ करते आणि कधी क्रूर, हा माझा प्रश्न आहे.

ही काव्ये मी फार उशिरा वाचली. नोकरी संपल्यावर, बडोद्याच्या घरात, रोज सकाळी तासभर. पुस्तके अशी, की डाव्या पानावर मूळ आणि उजव्या पानावर इंग्रजी. ग्रीकची हिरव्या बांधणीची, लॅटिनची तांबड्या. ‘इलियड’च्या साडेपंधरा हजारांहून जास्त ओळी आहेत, ‘ईनिड’च्या जवळजवळ दहा हजार. सगळे मुळातून वाचणे माझ्या आवाक्यातले नव्हते. काही सर्ग मुळातून, बाकीचे भाषांतरातून, असा मी मार्ग काढला. शाळा-कॉलेजातले संस्कृत उपयोगी पडले. तिथला ‘पितृ’ इथे दोन्ही भाषांत ‘पतेर’ होऊन भेटतो. दिवसाला दहा ओळी वाचणाऱ्याला एक फायदा होतो. वेगाने वाचताना नजरेतून निसटणारे शब्द त्याच्या वाटेत आडवे पडून राहतात. मला असे आडवे पडलेले शब्द पुढे बरेच भेटले.

ग्रीकमध्ये शरणागताला ‘हिकेतेस’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ ‘येऊन पोचलेला’. आपणही ‘शरण येणे’ असेच म्हणतो. येणाऱ्याने काय करायचे तेही ठरलेले: खाली बसायचे, समोरच्याच्या गुडघ्यांना हात घालायचा, जमल्यास हनुवटीला स्पर्श करायचा. शरणागतांचा रक्षणकर्ता खुद्द झ्यूस. म्हणजे नियम आहे, विधी आहे, देवाचा धाकही आहे. आणि तरीही ‘इलियड’च्या चालू युद्धात रणांगणावर शरण आलेला एकही माणूस वाचत नाही.

सहाव्या सर्गात अॅड्रेस्टस नावाच्या ट्रोजन वीराचा रथ झाडाच्या फांदीत अडकतो. तो मेनेलाओसचे गुडघे धरतो, वडिलांच्या घरी पुष्कळ सोने आहे म्हणतो. मेनेलाओसचे मन वळते; त्याला जहाजांकडे घेऊन जा, असे तो आपल्या माणसाला सांगणार इतक्यात मोठा भाऊ आगमेम्नोन धावत येतो. ट्रोजनांनी तुझ्या घराचे फार भले केले वाटते, असे टोचून तो म्हणतो, की आईच्या पोटातले पोरसुद्धा वाचता कामा नये. मेनेलाओस शरणागताला हाताने दूर ढकलतो आणि आगमेम्नोन भाला चालवतो. दयेच्या वाटेवर इथे उभा राहतो तो भाऊ, आणि त्याच्या हातात हत्यार आहे ते झालेल्या अपमानाच्या आठवणीचे.

एकविसाव्या सर्गातला लायकेऑन तर मनातून जात नाही. प्रियाम राजाचा हा मुलगा पूर्वी एकदा अकिलीसच्या हाती सापडला होता, बापाच्या बागेत अंजिराच्या फांद्या तोडताना. तेव्हा अकिलीसने त्याला मारले नाही, लेम्नोस बेटावर नेऊन विकले. खंडणी भरून सुटलेला तो पोरगा घरी येऊन अकरा दिवस आप्तांत रमला आणि बाराव्या दिवशी नदीकाठी पुन्हा त्याच माणसापुढे उभा राहिला. अंगावर ना शिरस्त्राण, ना ढाल. एका हाताने तो गुडघे धरतो, दुसऱ्या हाताने भाला. अकिलीस त्याला ‘मित्रा’ म्हणतो. पात्रोक्लस जिवंत होता तोवर तुम्हा लोकांना सोडून द्यायला मला बरे वाटायचे, आता नाही. तुझ्यापेक्षा कितीतरी चांगला असलेला पात्रोक्लसही मेला, आणि मीही मरणारच आहे. हे ऐकून लायकेऑन भाला सोडतो, दोन्ही हात पसरून बसतो. अकिलीस तलवार खुपसतो आणि प्रेत नदीत फेकून देतो.

फ्रेंच विचारवंत सिमोन वेल हिने दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या वर्षांत या काव्यावर एक निबंध लिहिला. तो १९४०-४१ मध्ये मार्सेयच्या एका मासिकात टोपणनावाने छापला गेला. तिचे म्हणणे असे, की ‘इलियड’चा खरा नायक कोणी माणूस नसून बळ हा आहे. बळ ज्याच्यावर चालते त्याची वस्तू होते, आणि जो ते चालवतो तोही हळूहळू दगड होतो. तो निबंध वाचल्यावर लायकेऑनचा प्रसंग वेगळ्या रीतीने वाचणे मला अवघड गेले. तरी एक गोष्ट मला खटकत राहिली. अकिलीस त्या क्षणी दगड दिसत नाही. तो दुःखात आहे. त्याला पात्रोक्लसची आठवण आहे, आणि त्या आठवणीच्या नावानेच तो मारतो.

चोविसाव्या सर्गात हाच माणूस बदलतो. हेक्टरला मारून त्याचे प्रेत रथामागून फरफटवत नेऊन बरेच दिवस झाले आहेत. रात्री म्हातारा प्रियाम खंडणीची गाडी घेऊन शत्रूच्या तळात येतो, अकिलीसच्या गुडघ्यांना मिठी मारतो आणि ज्या हातांनी त्याची इतकी मुले मारली त्या हातांचे चुंबन घेतो. त्याच्या बोलण्यातला पहिलाच शब्द ‘आठव’ असा आहे. ज्या धातूपासून तो आला त्याचे नाते आपल्या ‘मन’ आणि ‘मती’शी आहे. तुझ्या बापाला आठव, तो माझ्याच वयाचा आहे, असे प्रियाम म्हणतो. अकिलीस म्हाताऱ्याचा हात धरून त्याला अलगद बाजूला सारतो. मेनेलाओसने ढकलले होते तसे नव्हे. मग दोघे रडतात. प्रियाम हेक्टरसाठी, अकिलीस कधी बापासाठी तर कधी पात्रोक्लससाठी.

बहुतेक लोक इथेच थांबतात आणि म्हणतात, पाहा, अश्रूंनी वैर धुऊन निघाले. दहा ओळींच्या गतीने वाचणाऱ्याला पुढचे दिसते. प्रियाम जरा घाई करतो, आता प्रेत दे म्हणतो, आणि अकिलीस चिडतो. मला डिवचू नकोस, नाहीतर मी तुला शरणागत असतानाही मारून बसेन, झ्यूसची आज्ञा मोडेन, असे तो बजावतो. नंतर तो दासींना सांगतो की हेक्टरचे प्रेत आडबाजूला नेऊन धुवा, त्याला तेल लावा. कारण कवीने स्पष्ट दिले आहे. मुलाचे प्रेत पाहून प्रियामला राग आवरला नाही, तर आपलाही राग उसळेल आणि आपण त्याला मारू, ही अकिलीसला भीती आहे.

मला सगळ्या ‘इलियड’मध्ये ही जागा सर्वांत मोलाची वाटते. दया आलेला हा माणूस स्वतःच्या दयेवर विश्वास ठेवत नाही. आपल्यात काय दडले आहे ते त्याला ठाऊक आहे. म्हणून तो दयेची व्यवस्था करतो: काय समोर यायचे आणि काय नाही, कोण कुठे बसेल, कोण कुठे झोपेल. खंडणीतली दोन वस्त्रे आणि एक अंगरखा तो प्रेत झाकायला मागे ठेवतो. प्रेत स्वतः उचलून तिरडीवर ठेवतो. आणि मग मेलेल्या मित्राला हाक मारून म्हणतो, पात्रोक्लस, हेक्टरला त्याच्या बापाकडे परत दिल्याचे तुला तिकडे कळले तर माझ्यावर रागावू नकोस.

ही हाक नीट ऐकली पाहिजे. पात्रोक्लसला हे हवे आहे, असे अकिलीस म्हणत नाही. मित्राला कदाचित हे आवडणार नाही, हे त्याला माहीत आहे. तरी तो ते करतो, जबाबदारी स्वतःकडे घेतो आणि मेलेल्याची माफी मागतो.

दोघे एकत्र जेवतात. हेक्टरच्या अंत्यविधीसाठी अकरा दिवस युद्ध थांबेल असे ठरते. बाराव्या दिवशी, लढायचेच असेल तर, पुन्हा लढू. ट्रॉय जळणार आहे, अकिलीस मरणार आहे, यातले काहीच टळत नाही. काव्य हेक्टरच्या दहनापाशी संपते. हा शेवट आपल्याकडच्या एका कवीला फार जवळचा वाटला असावा. मायकेल मधुसूदन दत्तांच्या १८६१ मधल्या ‘मेघनादवध काव्या’च्या शेवटच्या सर्गात रावण मुलाच्या अंत्यसंस्कारासाठी सात दिवस युद्ध थांबवण्याची विनंती करतो आणि राम ती मान्य करतो. पुढे १८७१ मध्ये मधुसूदनांनी ‘हेक्टरवध’ही लिहिले. बंगालीत रामकथा सांगताना त्यांनी होमरकडून तलवारीपेक्षा हा तह उचलला, याचे मला नेहमी समाधान वाटते.

आता दुसरे काव्य. व्हर्जिल इ.स.पू. १९ मध्ये वारला तेव्हा ‘ईनिड’वर शेवटचा हात फिरायचा राहिला होता. ट्रॉयमधून निसटलेला एनियस इटलीत येतो, तिथल्या तुर्नुसशी त्याचे युद्ध होते. एनियसच्या बाजूने लढायला एव्हान्डर राजाने आपला तरुण मुलगा पालास पाठवलेला असतो. तुर्नुस त्याला मारतो. मारण्यापूर्वी म्हणतो, हे पाहायला याचा बाप इथे असता तर बरे झाले असते. मग प्रेतावरचा जड पट्टा काढून स्वतःच्या खांद्यावर घालतो. त्या पट्ट्यावर एक चित्र कोरलेले आहे: लग्नाच्या एकाच रात्री मारले गेलेले अनेक नवरदेव आणि रक्ताने माखलेल्या शेजा. ही दानाउसच्या पन्नास मुलींची कथा. त्यांच्यापैकी एकीनेच आपल्या नवऱ्याला जिवंत सोडले होते.

बाराव्या सर्गाच्या शेवटी तुर्नुस मांडीला भाला लागून खाली येतो. मी हरलो, सगळ्यांनी पाहिले, म्हणतो. स्वतःसाठी काही मागत नाही. दाउनुस या आपल्या म्हाताऱ्या बापाची दया कर, तुझाही बाप अँकायसिस असाच होता, असे म्हणतो. हे प्रियामचेच बोलणे आहे. व्हर्जिलने ते जाणून घेतले आहे. आणि ते लागू पडते. एनियसचा हात थांबतो, शब्द त्याच्या मनावर हळूहळू काम करू लागतात. सहाव्या सर्गात, पाताळात, त्याच अँकायसिसने रोमनांचे कर्तव्य म्हणून सांगितलेले असते की नमलेल्यांना राखावे आणि उन्मत्तांना युद्धाने खाली आणावे. तुर्नुस आता नमलेला आहे. एवढ्यात त्याच्या खांद्यावरचा पट्टा एनियसच्या नजरेला पडतो. तो पेटून उठतो. हा घाव पालास घालतो आहे, पालासच तुझे रक्त सांडून सूड घेतो आहे, असे म्हणून तो तलवार छातीत रुतवतो. तुर्नुसचे अंग गार पडून सैल होते, प्राण कण्हत, रुसून खाली सावल्यांकडे जातो. पुढे एकही ओळ नाही. ना अंत्यविधी, ना जेवण, ना तह.

मुळातून वाचल्यामुळे दोन शब्द माझ्या वाटेत आडवे पडले. पहिल्या सर्गात समुद्रातल्या वादळात एनियस आपल्याला पहिल्यांदा दिसतो तेव्हा त्याचे अंग भीतीने गार पडून सैल झालेले असते आणि तो आकाशाकडे हात पसरतो. शेवटी तुर्नुससाठी कवीने अगदी तेच शब्द वापरले आहेत. म्हणजे मरणारा एकेकाळच्या एनियससारखाच दिसतो. ते फक्त एनियसला दिसत नाही. दुसरा शब्द तलवार ‘रुतवणे’. लॅटिनमधले ते क्रियापद म्हणजे ‘कोंदेरे’. पाया घालणे, वसवणे, आत ठेवणे, पुरणे, असे त्याचे अनेक अर्थ होतात. काव्याच्या आरंभी तेच क्रियापद नगर वसवण्यासाठी येते. रोम वसवणे आणि तलवार पुरणे यांच्यासाठी कवीने एकच शब्द राखून ठेवला.

त्याच्या वाचकांना हे कळायला भाष्याची गरज नव्हती. ऑगस्टसने इ.स.पू. ४२ मध्ये, आपल्या दत्तक पित्याच्या, ज्युलियस सीझरच्या, मारेकऱ्यांशी लढताना सूड घेणाऱ्या मार्स देवाचे मंदिर बांधण्याचा नवस केला होता. ते मंदिर इ.स.पू. २ मध्ये पुरे झाले. क्षमा मागणाऱ्या सर्व नागरिकांना आपण जीवदान दिले, असे त्याने आपल्या कारकिर्दीच्या वृत्तांतात कोरून ठेवले. अपोलोच्या ज्या मंदिराचे त्याने इ.स.पू. २८ मध्ये लोकार्पण केले, त्याच्या ओवरीत दानाउसच्या त्याच मुलींचे पुतळे उभे होते. मेलेल्या बापाच्या नावाने घेतलेला सूड आणि शरणागतांना दिलेले अभय, दोन्हींचे श्रेय एकाच माणसाला हवे होते. व्हर्जिलने त्याच्या काळाला हे दाखवले, की दोन्ही एकाच हातात मावत नाहीत.

पुढचे वाचक या शेवटाशी दोन हजार वर्षे झगडत आले आहेत. सर्व्हियस नावाच्या जुन्या भाष्यकाराने म्हटले की यात एनियसचा दोन्ही बाजूंनी गौरवच आहे. सोडावे असे वाटले म्हणून तो धर्मशील, आणि एव्हान्डरची बूज राखून मारले म्हणूनही धर्मशील. ख्रिस्ती लेखक लॅक्टांशियसने विचारले, शरण आलेल्यांना मारणाऱ्याला धर्मशील म्हणायचे तरी कसे? १४२८ मध्ये माफेओ वेजिओ या तरुण इटालियन कवीने तर लॅटिनमध्ये तेरावा सर्गच लिहून टाकला. त्यात तुर्नुसचे अंत्यसंस्कार होतात, एनियसचे लग्न लागते आणि सगळे गोड होते. मला वेजिओची कीव येते, आणि त्याचे मन समजतेही. घरात झालेल्या भांडणाला असा तेरावा सर्ग जोडायची इच्छा कोणाला झाली नसेल?

एनियसची बाजू हलकी नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. अकराव्या सर्गात म्हाताऱ्या एव्हान्डरने निरोप पाठवला आहे, की तुर्नुसचे मरण तू मला आणि माझ्या मुलाला देणे लागतोस. पोरगा एनियसच्या भरवशावर आला होता. जिवंत शरणागताचे देणे असते, तसे मेलेल्याचेही असते, आणि मेलेला स्वतः येऊन गुडघे धरू शकत नाही. त्याच्या वतीने कोणी उभे राहिलेच नाही, तर बळवंत माणूस मारून मोकळा होईल आणि मग नम्रपणे हात पसरेल. शरणागती हा मारेकऱ्यांचा कायमचा परवाना होऊन बसेल. दयेची स्तुती करताना हा आक्षेप टाळणारे लोक बहुधा ज्यांचे कोणी मेलेले नसते असे असतात.

असे असूनही एनियसचे शेवटचे वाक्य मला मान्य होत नाही. तो म्हणतो, पालास मारतो आहे. पालास मारत नाही. पालास पुरला गेला आहे. मारतो तो एनियस, त्याच्या स्वतःच्या हाताने, स्वतःच्या रागात. त्याने ‘मी मारतो’ म्हटले असते, तर तो क्रूर ठरला असता किंवा न्यायी, पण त्याच्या कृत्याचा धनी तोच राहिला असता. मेलेल्याचे नाव पुढे केल्याने हात त्याचा राहतो आणि निर्णय दुसऱ्याचा होतो. आणि तो दुसरा असा, की ज्याला कधीच उलट विचारता येत नाही. अकिलीसने नेमके याच्या उलट केले. त्याने आपला निर्णय आपला म्हटला आणि मेलेल्याची माफी मागितली.

आपल्या महाभारतात कर्णाचे चाक रुतते, तो धर्माची आठवण देऊन अर्जुनाला थांबायला सांगतो. आणि कृष्ण त्याला द्यूतसभेची, द्रौपदीची, अभिमन्यूची आठवण देतो. तेव्हा कुठे गेला होता तुझा धर्म? हे ऐकून अर्जुन बाण सोडतो. तो तुर्नुसचा पट्टाच आहे, शब्दांनी दाखवलेला. उलट भागवतात द्रौपदीची पाच मुले झोपेत मारणाऱ्या अश्वत्थाम्याला अर्जुन बांधून आणतो, तेव्हा द्रौपदी म्हणते, सोडा त्याला. मी रडते आहे तशी त्याची आई रडायला नको. तिची मुले गेलेली आहेत आणि ती त्यांना विसरलेलीही नाही. तिची आठवण मेलेल्यापाशी न थांबता पुढे चालत जाते आणि अजून न रडलेल्या एका बाईपाशी पोचते. अकिलीसची आठवणही अशीच पात्रोक्लसच्या पलीकडे जाऊन पोचते, दूर एकट्या राहिलेल्या आणि लवकरच मुलाला मुकणाऱ्या म्हाताऱ्या बापापाशी. एनियसची आठवण एका वस्तूत अडकते.

वस्तूंचे हे बळ दोन्ही कवींनी ओळखले होते. हेक्टर मरतो तेव्हा पात्रोक्लसच्या प्रेतावरून काढलेले चिलखत त्याच्या अंगावर असते, आणि अकिलीस त्याच्यातच फट शोधतो. याच अकिलीसने पूर्वी अँड्रोमाकीच्या बापाला मारले, तेव्हा मात्र त्याची शस्त्रे न लुटता शस्त्रांसह त्याचे दहन केले होते. हे खुद्द अँड्रोमाकी सांगते. एनियसनेही दहाव्या सर्गात लाउसुस या पोराला मारल्यावर त्याचा चेहरा पाहून हळहळून त्याला स्वतः उचलले आणि त्याची शस्त्रे त्याच्यापाशीच राहू दिली. म्हणजे दोघांनाही हे येत होते. तुर्नुसने ती लूट खांद्यावर मिरवली नसती, तर कदाचित दाउनुसला त्याचा मुलगा परत मिळाला असता.

इथवर मी विद्यार्थ्यासारखे लिहिले. आता जे सांगायचे आहे ते सांगायला मला संकोच वाटतो, पण ते सोडून हा लेख पुरा होणार नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, शेवटची दोन वर्षे साताऱ्याला माझ्या मोठ्या भावाकडे होते. त्या दोन वर्षांत घर दादाच्या नावावर झाले. अण्णांचे दुखणे किती वाढले आहे हे मला कोणी कळवले नाही. मी बडोद्याहून पोचले तेव्हा सगळे आटोपले होते. त्यानंतर सहा वर्षे आम्ही बोललो नाही. भाऊबीजही थांबली. मग एका जानेवारीत दादा न कळवता बडोद्याला आला. कोचाच्या कडेवर बसून म्हणाला, “चुकलं माझं. तू मनात ठेवू नकोस.” मी आत जाऊन चहाचे आधण ठेवले. माझे मन निवळू लागले होते, हे मला आजही आठवते. कप घेऊन बाहेर आले तेव्हा त्याच्या गळ्यातला तपकिरी मफलर मला दिसला. माझ्या पहिल्या पगारातून मी अण्णांसाठी घेतलेला. मी म्हणाले, “अण्णांनी तुला कधीच माफ केलं नसतं.” दादा काही बोलला नाही. उठला आणि गेला. चहा तसाच राहिला. पुढे कितीतरी दिवस मला वाटत होते, की मी अण्णांना न्याय दिला.

तीन वर्षांनी लॅटिनच्या त्या दहा ओळींत पट्टा आला, तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. बरेच दिवस उघडले नाही. नंतर वहिनींना फोन केला, निमित्त दुसरेच काढले, आणि बोलता बोलता मफलरचे विचारले. त्या म्हणाल्या, “अहो, तो अण्णांनीच दिला. दवाखान्यात रात्रभर हे बाकावर बसून असायचे, थंडी होती. अण्णांनी स्वतःच्या गळ्यातला काढून यांच्या गळ्यात घातला.”

घराचे जे झाले ते चूक झाले, असे मला आजही वाटते, आणि मला वेळेवर न कळवणे तर त्याहून. मफलरच्या गोष्टीने ते बरोबर ठरत नाही. पण त्या दुपारी मी जी लूट म्हणून पाहिली ती देणगी होती, आणि ज्याच्या नावाने मी दादाला परत पाठवले त्याच्याच हातांनी ती दिली होती. मी माझा राग माझा म्हणून सांगितला असता, तर दादाला उत्तर देता आले असते. अण्णांच्या तोंडून सांगितल्यावर त्याला बोलायला जागाच उरली नाही.

म्हणून शरणागताला सोडावे की नाही, याचे सर्व ठिकाणी चालणारे उत्तर माझ्याकडे नाही. काही माणसांना सोडणे हा मेलेल्यांवर अन्याय असू शकतो, असे मला वाटते. या दोन काव्यांनी मला त्याहून लहान दोन गोष्टी शिकवल्या. मारायचे असेल किंवा सोडायचे असेल, ते स्वतःच्या नावाने करावे. मेलेल्यांची माफी मागावी, त्यांचा आदेश म्हणून काही करू नये. आणि दया यावी असे वाटत असेल, तर ती येईल म्हणून बसून राहू नये. अकिलीसने प्रेत आडबाजूला नेले, तशी तिच्यासाठी जागा करावी.

गेल्या वर्षी दादा आणि मी भेटलो. साताऱ्यात नाही आणि बडोद्यातही नाही, पुण्यात मावशीकडे. घराचा विषय काढायचा नाही, एवढे आधी फोनवर ठरवले. मावशीने पिठले-भाकरी केली होती. आम्ही शेजारी बसून जेवलो, तिच्या गुडघ्यांच्या दुखण्यावर बराच वेळ बोललो. घराचा प्रश्न आहे तिथेच आहे. परत आल्यावर अण्णांच्या फोटोपुढे उभी राहिले. त्यांना हे आवडले असते की नाही, ते मला माहीत नाही. तसे मी त्यांना सांगितले.